शरीरघड्याळ मार्गावर आणायचे असेल तर सुरुवात सकाळपासून करा

झोपेची वेळ बिघडली की बहुतेक जण दुरुस्तीला रात्रीपासून हात घालतात. रोज एक-दीडला झोपणारा माणूस एके दिवशी निश्चय करून दहालाच अंथरुणावर पडतो, साडेबारापर्यंत कुशी बदलत राहतो, कंटाळून मोबाइल हातात घेतो आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठून ‘मला लवकर झोपच येत नाही’ असे ठरवून टाकतो. झोप केव्हा लागणार हे त्या रात्रीच्या निश्चयावर फार थोडे अवलंबून असते. त्या दिवशी डोळ्यांवर पहिला उजेड केव्हा पडला, जेवणे केव्हा झाली आणि दुपारी किती झोप काढली, यावर ते बरेचसे आधीच ठरून गेलेले असते. म्हणून येथे दिलेल्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पाचवी पायरी आधी आणि पहिली नंतर घेतली, तर कष्ट होतात पण उपयोग होत नाही.

पहिले सहा टप्पे दिवसा काम करणाऱ्यांसाठी आहेत. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीला रात्री पाणी भरणारे शेतकरी आणि भुसावळ, दीपनगर, वरणगाव भागांत पाळीने काम करणारे कर्मचारी यांची अडचण वेगळी असल्याने त्यांच्यासाठी पुढे स्वतंत्र सूचना दिल्या आहेत. त्यांनीही आधी घड्याळाच्या यंत्रणेचा भाग वाचावा, कारण पुढच्या प्रत्येक सूचनेचे कारण त्यात आहे.

## आधी एवढे समजून घ्या

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. त्याचा एक फेरा बरोबर २४ तासांचा नसून सरासरीने त्याहून दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो, त्यामुळे रोज दुरुस्ती झाली नाही तर झोपेची वेळ हळूहळू पुढे सरकत जाते. सुट्टीत लवकर झोपण्यापेक्षा जागरण सोपे जाते, त्याचे एक कारण हे आहे.

ही रोजची दुरुस्ती मुख्यतः प्रकाश करतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज काही खास पेशी असतात; त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि ‘दिवस उजाडला’ ही बातमी थेट त्या पुंजक्याला कळवतात. मात्र एकच उजेड वेगवेगळ्या वेळी उलटसुलट परिणाम करतो, आणि बहुतेक चुका येथेच होतात. आपल्या नेहमीच्या, गजराविना जाग येण्याच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी शरीराचे तापमान सर्वांत खाली असते. त्या क्षणानंतर पडलेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, म्हणजे पुढच्या रात्री झोप लवकर येते; त्या क्षणाच्या आधीच्या तासांत पडलेला उजेड घड्याळ पुढे ढकलतो, म्हणजे झोप आणखी लांबते. या क्षणाला आपण ‘तळवेळ’ म्हणू, कारण त्याचा उल्लेख पुढे वारंवार येणार आहे.

यकृत, स्वादुपिंड, आतडी यांची स्वतःची उपघड्याळे असतात आणि ती जेवणाच्या वेळांवरूनही लागतात. मेंदूचे घड्याळ उजेडाप्रमाणे आणि यकृताचे घड्याळ रात्री अकराच्या जेवणाप्रमाणे चालू लागले, की दोघांचा मेळ सुटतो. रात्री उशिरा शरीर साखर नीट हाताळू शकत नाही, त्यामुळे तेच ताट दुपारी जेवल्यास रक्तातील साखर जितकी वाढते त्याहून ती रात्री अधिक वाढते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत खाली येतो आणि पहाटेपासून कॉर्टिसोल या जाग आणणाऱ्या संप्रेरकाबरोबर पुन्हा चढू लागतो. ज्यांची रात्र वर्षानुवर्षे उलटसुलट होते, त्यांच्यात मधुमेह, स्थूलता आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाची नोंद ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात केली आहे. काम सोडणे बहुतेकांना शक्य नसते, म्हणून हातात असलेल्या गोष्टी नेमक्या करणे अधिकच गरजेचे आहे.

## तयारी: काहीही न बदलता आठ दिवसांची नोंद

एक साधी वही घ्या आणि रोज सकाळी आदल्या दिवसाच्या सहा गोष्टी लिहा: अंथरुणावर केव्हा पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, केव्हा उठलो, उघड्यावर पहिला उजेड केव्हा मिळाला, चहा किंवा कॉफी शेवटची केव्हा घेतली आणि रात्रीचे जेवण केव्हा झाले. दुपारची झोप वेगळी लिहा. नोंद होईपर्यंत सवयींमध्ये बदल करू नका, कारण बिघाड कोठे आहे हेच या आठ दिवसांत पाहायचे आहे. बाजाराचा दिवस, लग्न, पाहुणे यांमुळे वेळ चुकली तर तसेच लिहा; तो दिवस वगळू नका.

आठ दिवसांनी दोन आकडे काढा. पहिला, ज्या दिवशी गजर नव्हता त्या दिवशी आपोआप जाग केव्हा आली. त्यातून दोन तास वजा केले की तळवेळ अंदाजे कळते. दुसरा, आपल्याला आठवड्याचे सातही दिवस पाळता येईल अशी उठण्याची वेळ कोणती. शाळेची गाडी, दूध काढण्याची वेळ, सकाळची एसटी यांपैकी जे टळणार नाही त्यावरून ती ठरवा. पहाटे चारला उठणे चांगले म्हणून चार धरले आणि रविवारी आठला उठलो, तर सोमवारी घड्याळ पुन्हा मूळ जागी जाते. प्रौढ माणसाला किमान सात तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. सहाला उठायचे असेल तर साडेदहापर्यंत झोप लागायला हवी, एवढा हिशेब आत्ताच करून ठेवा.

तपासणी: जाग येण्याची आपोआप वेळ आणि ठरवलेली वेळ यांत किती अंतर आहे? एका तासापर्यंत असेल तर आठवड्याभरात काम होते. अडीच-तीन तास असेल तर दोन-तीन आठवडे धरून चाला आणि घरच्यांनाही तसे सांगून ठेवा.

## टप्पा १: उठण्याची वेळ थोडी थोडी अलीकडे आणा

दर दोन दिवसांनी अर्धा तास, यापेक्षा घाई करू नका. समजा गजराविना साडेआठला जाग येते आणि सहाला उठायचे आहे. अंतर अडीच तासांचे, म्हणजे अर्ध्या तासाच्या पाच पायऱ्या. प्रत्येक पायरीला दोन दिवस दिले तर दहा दिवस लागतात. झोपण्याची वेळ या काळात मुद्दाम बदलू नका. पहिले तीन-चार दिवस झोप थोडी कमी पडेल, दुपारी जडपणा येईल, आणि त्यानंतर रात्री झोप आपोआप अलीकडे सरकू लागेल.

एकाच दिवशी अडीच तासांची उडी मारण्यात फक्त थकवा येतो असे नाही, ती उलटही पडू शकते. ज्याला नऊला जाग येते त्याची तळवेळ सातच्या आसपास असते. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य साधारण पावणेसहाला उगवतो. अशा माणसाने पहिल्याच दिवशी सहाला उठून कोवळ्या उन्हात फेरी मारली, तर तो उजेड तळवेळेच्या आधी पडतो आणि घड्याळ आणखी पुढे जाते. ‘आठ दिवस पहाटे उठलो, तरी रात्री झोप येईना’ अशी तक्रार पुष्कळदा यातूनच येते.

सावधान: एक संपूर्ण रात्र जागून काढायची आणि दुसऱ्या दिवशी लवकर झोपायचे, हा उपाय करू नये. त्याने एक रात्र गाढ झोप लागते, पण घड्याळ जागचे हलत नाही. फिट येणाऱ्या आणि उन्माद-नैराश्याचा आजार असलेल्या व्यक्तींसाठी असे जागरण धोक्याचे आहे.

## टप्पा २: उठल्यानंतर पहिल्या तासात उघड्यावरचा उजेड

सर्वांत जास्त गुण या टप्प्याला आहे आणि सर्वांत जास्त टाळाटाळही येथेच होते, कारण घरातला दिवा लावला म्हणजे उजेड झाला असे आपल्याला वाटते. घरातील ट्यूबलाइटखाली प्रकाश साधारण १०० ते ५०० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) असतो. ढगाळ दिवशीही अंगणात तो हजारो लक्सपर्यंत जातो, आणि भर उन्हात एक लाखाच्या घरात. आपले डोळे पटकन जुळवून घेतात म्हणून हा फरक जाणवत नाही, पण मेंदूतील घड्याळ तो मोजते.

करायचे ते असे. उठल्यानंतर तासाभरात घराबाहेर या: ओटा, अंगण, गच्ची, शेताचा बांध, कोठेही चालेल, फक्त डोक्यावर आभाळ उघडे हवे. अर्धा तास तेथेच थांबा. सूर्याकडे पाहायचे नाही. आभाळाचा उजेड पुरेसा असतो. चष्मा असेल तर राहू द्या, गॉगल मात्र काढा. खिडकीच्या काचेआड बसून वर्तमानपत्र वाचणे याला पर्याय होत नाही. पावसाळ्यात आभाळ भरलेले असताना अर्ध्या तासाचा पाऊण ते एक तास करा. एप्रिल-मेमध्ये हे काम आठच्या आत उरका, कारण त्यानंतर आपल्याकडचे ऊन अंगावर घेण्यासारखे राहत नाही.

हिवाळ्यात एक अडचण येते. जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला उठणाऱ्याने तोपर्यंत घरात भरपूर दिवे लावून कामे करावीत आणि सातनंतर पुन्हा अर्ध्या तासासाठी बाहेर यावे. पहाटे साडेचारला फिरायला जाऊन उजाडायच्या आत परतणारे अनेक आहेत. त्यांना व्यायाम मिळतो, ते उत्तमच. पण उजेड मिळत नाही, आणि नंतर ते दिवसभर दुकानात किंवा कार्यालयात बसतात. त्यांनी फिरण्याची वेळ सूर्योदयावर आणावी किंवा परतल्यावर ओट्यावरचा अर्धा तास वेगळा काढावा.

वृद्धांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. मोतीबिंदूमुळे डोळ्यांत निळसर प्रकाश कमी पोहोचतो. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून असलेल्या आजी-आजोबांना रात्री झोप लागत नसेल, तर गोळीचा विचार करण्याआधी त्यांची खाट सकाळी अंगणात आणा.

तपासणी: सलग पाच दिवस हा उजेड मिळाला का? एक-दोन दिवस चुकले असतील तर टप्पा १ मधील पुढची पायरी घेऊ नका. आहे त्या वेळेवर आणखी दोन दिवस थांबा.

## टप्पा ३: जेवणाच्या वेळा उठण्याच्या वेळेशी बांधा

उठल्यापासून दीड तासाच्या आत काहीतरी खा. नुसत्या चहावर अकरापर्यंत राहू नका. शिळी भाकरी आणि दूध घेतले तरी चालेल. रात्रीचे जेवण झोपेच्या किमान तीन तास आधी संपवा. साडेदहाला झोपायचे तर साडेसात. दुकान आठ-नऊला बंद करणाऱ्यांना हे जमत नाही, तेव्हा त्यांनी सहा-साडेसहाला दुकानातच डबा खावा आणि घरी आल्यावर खिचडी-कढीसारखे हलके थोडेसे घ्यावे. उलट क्रम, म्हणजे संध्याकाळी फरसाण आणि रात्री दहाला शेवभाजी, हा साखर आणि पित्त या दोन्हींना वाईट.

हिवाळ्यातल्या मळ्यातील भरीत पार्ट्या आणि लग्नसराईतील पंगती रात्री उशिराच होणार, हे मान्य करूनच चालावे लागते. त्या रात्री जेवण निम्मे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ मात्र सोडू नका. अशा एखाद्या रात्रीने घड्याळ बिघडत नाही. त्यानंतर नऊपर्यंत झोपल्याने बिघडते.

सावधान: इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ स्वतःहून तास-दीड तास सरकवू नये. आधी डॉक्टरांकडून औषधाची वेळ बदलून घ्यावी, नाहीतर साखर एकदम उतरू शकते.

## टप्पा ४: चहा, तंबाखू आणि दुपारची झोप

चहातील कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणून झोपेच्या आठ तास आधी शेवटचा चहा घ्यावा. साडेदहाला झोपणाऱ्यासाठी ही वेळ अडीचची होते. टपरीवरचा पाचचा चहा एकदम सुटणार नसेल तर आधी अर्धा कप करा, मग तो बंद करा. तंबाखू, गुटखा आणि विडी यांतील निकोटिनही मेंदूला जागे ठेवते. ‘तंबाखू मळली की निवांत वाटते’ हे तल्लफ भागल्याचे समाधान असते, झोपेची तयारी नव्हे. दारूने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतरची झोप तुटक होते.

दुपारची झोप वीस ते तीस मिनिटे आणि तीनच्या आत. तीनला पडून पाचला उठणाऱ्याला रात्री अकराला झोप येईल ही अपेक्षाच चुकीची आहे, कारण दिवसभर जागून साठलेली झोपेची ओढ त्याने दुपारीच खर्च केलेली असते.

## टप्पा ५: संध्याकाळ मंद करा

हा टप्पा येथपर्यंत येण्याआधीच सर्वजण करून पाहतात, आणि तो एकटा फारसा उपयोगी पडत नाही म्हणून सोडून देतात. सकाळी उजेड भरपूर घेतला असेल तर मात्र त्याचा परिणाम दिसतो. झोपेच्या साधारण दोन तास आधी मेंदूतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि प्रखर उजेड ते दाबून टाकतो. तेव्हा झोपेच्या दोन तास आधीपासून छताजवळचे पांढरे एलईडी दिवे बंद करून एक कमी वॅटचा पिवळा बल्ब लावा, शक्यतो डोळ्यांच्या पातळीच्या खाली. टीव्ही पाहायचा तर लांबून पाहा. मोबाइलचा रंग पिवळा करून तो तासभर पाहत राहणे हा उपाय नाही. उजेड थोडा कमी होतो, पण मन जागेच राहते.

झोपेच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. त्वचेकडे रक्त येते, शरीरातील उष्णता बाहेर पडते, आणि आतले तापमान उतरणे ही झोप येण्याची एक अट आहे.

## टप्पा ६: झोप आल्यावरच अंथरुणावर

डोळे जड झाल्याशिवाय आडवे होऊ नका. पडून बराच वेळ झाला, अंदाजे वीस मिनिटे, आणि झोप आली नाही, तर उठून मंद उजेडात बसा. पुन्हा डोळे मिटू लागले की परत जा. भिंतीवरचे घड्याळ अंथरुणावरून दिसणार नाही अशा जागी लावा. किती वाजले हे पाहिल्याने किती झोप उरली याची चिंता सुरू होते आणि उरलेली झोपही जाते.

तपासणी (दोन आठवड्यांनी): गजराच्या पाच-दहा मिनिटे आधी आपोआप जाग येते का? सकाळी भूक लागते का? रात्री ठरलेल्या वेळेच्या आसपास जांभया येतात का? तिन्हींना ‘हो’ असेल तर घड्याळ लागले आहे. उठणे जमते पण रात्री झोप येत नाही, असे असेल तर टप्पा २ आणि दुपारची झोप तपासा. बहुतेक वेळा गळती तेथेच सापडते.

## रात्री पाणी भरायला जाणाऱ्यांसाठी

शेतीपंपाची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. त्यामुळे शेतकऱ्याची रात्र सलग महिनाभर उलटी नसते, ती तुकड्यातुकड्यांनी मोडते. अशा वेळी शरीरघड्याळ रात्रीच्या कामाला जुळवण्याचा प्रयत्न करू नये. तीन-चार रात्रींत ते पुरते जुळतही नाही, आणि जरा सरकू लागले की वीज पुन्हा दिवसा येते. घड्याळ दिवसाच्याच जागी ठेवायचे आणि त्या रात्री कमीत कमी नुकसानीत काढायच्या, हे येथील धोरण असले पाहिजे.

१. निघण्यापूर्वी झोपा. वीज मध्यरात्री येणार असेल तर सात-साडेसातला जेवून साडेआठ ते साडेअकरा झोप घ्या. ती जमली नाही तर संध्याकाळी दीड तास तरी पडा. आधी घेतलेली झोप पहाटे सावध ठेवते. नंतर घेतलेल्या झोपेने थकवा जातो, पण हुकलेली सावधगिरी परत मिळत नाही.

२. जोखमीची कामे दोनच्या आत. पहाटे तीन ते पाच या वेळेत लक्ष आणि हाताची पकड सर्वांत कमी असते. स्टार्टर पाहणे, फ्यूज बदलणे, विहिरीत उतरणे, ठिबकचा फिल्टर उघडणे ही कामे त्या वेळेसाठी ठेवू नका. ओल्या हाताने आणि अर्धवट झोपेत स्टार्टरला हात लावल्याने जीव गेल्याच्या घटना आपल्या भागाला नव्या नाहीत. शक्य तेथे काम दोघांनी मिळून करा.

३. बॅटरीचा उजेड कमी करू नका. घड्याळ सांभाळण्यासाठी शेतात अंधारात चालणे हा वेडेपणा ठरेल. घोणस, नाग, मण्यार रात्रीही फिरतात. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि प्रखर बॅटरी हवीच. मात्र उजेड जमिनीवर ठेवा आणि बांधावर बसून मोबाइल पाहत राहू नका.

४. चहा पहिल्या अर्ध्या भागात, खाणे मध्यरात्रीच्या आत. दोननंतर चहा घेतला तर घरी आल्यावर झोप लागणार नाही. मध्यरात्र ते पाच या काळात फक्त पाणी प्या. अगदीच भूक लागली तर मूठभर शेंगदाणे किंवा एखादे केळ पुरे.

५. घरी आल्यावर. काम पाचच्या आत आटोपले तर लगेच झोपा. उजाडल्यावर परतत असाल तर टोपी किंवा उपरणे कपाळावर ओढून घ्या आणि अंगणात न रेंगाळता अंधाऱ्या खोलीत जा. तीन-चार तासांपेक्षा अधिक झोपू नका. उठल्यावर बाहेर उजेडात या, दुपारी अर्धा तास पडा आणि त्या रात्री पाणी नसेल तर नेहमीच्या वेळी झोपा.

सावधान: रात्रभर जागून मोटारसायकलवर येताना क्षणभर लागलेला डोळाही प्राणघातक ठरतो. डोळे जड वाटत असतील तर मळ्यातच वीस मिनिटे पडून, तोंड धुऊन, मग निघा. उजेड टाळायचा म्हणून गाडीवर काळा गॉगल लावण्याचा सल्ला पेंगुळलेल्या माणसाने पाळू नये.

## तिन्ही पाळ्यांत काम करणाऱ्यांसाठी

पाळी बदलताना पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम शरीराला सोपा जातो, कारण घड्याळ पुढे ढकलणे अलीकडे ओढण्यापेक्षा सोपे असते. तिसरीवरून दुसरी आणि दुसरीवरून पहिली हा उलटा क्रम अधिक थकवतो. पाळीपत्रक ठरवणाऱ्यांपुढे हा मुद्दा कर्मचाऱ्यांनी एकत्रितपणे आणि लेखी मांडायला हवा. यात खर्च काहीच नाही.

रात्रपाळीच्या आठवड्यात झोपेचे चार तास असे निवडा, जे सुट्टीच्या दिवशीही झोपेतच जातील. उदाहरणार्थ, रात्रपाळीला सकाळी आठ ते दुपारी तीन झोपत असाल, तर सुट्टीच्या दिवशी पहाटे चार ते दुपारी बारा झोपा. आठ ते बारा हे तास दोन्हीकडे सामाईक राहतात. सुट्टीला रात्री दहालाच झोपले तर घड्याळाला दर आठवड्याला मोठा धक्का बसतो. घरात लहान मुले असतील तर हे नेहमी जमणार नाही, तेव्हा निदान दोन तास सामाईक ठेवा.

दिवसाच्या झोपेसाठी खोली हाताला हात दिसणार नाही इतकी अंधारी करा. जाड काळा पडदा किंवा खिडकीला पुठ्ठा लावा. कूलरच्या एकसुरी आवाजात गल्लीतला गोंगाट बराच झाकला जातो. दारावर वेळ लिहून ठेवा आणि घरच्यांना सांगा की या वेळेत गॅसवाला, पाहुणा किंवा फोन यांसाठी उठवायचे नाही. रात्री दोनला माणसाला कोणी उठवत नाही; सकाळी अकराची झोपही रात्रपाळीच्या माणसासाठी तशीच धरली पाहिजे, आणि हे घरात स्पष्ट बोलून ठरवावे लागते.

नियमांत बसत असेल तेथे मधल्या सुट्टीत वीस मिनिटांची डुलकी घ्या, पण उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे यंत्राला हात लावू नका. तेवढा वेळ मेंदू अर्धा झोपेत असतो. रेल्वेच्या रनिंग कर्मचाऱ्यांना, म्हणजे चालक-गार्ड यांना, गाडीवर हा मार्गच नाही, म्हणून त्यांनी रनिंग रूममधील, म्हणजे मुक्कामाच्या खोलीतील, वेळ गप्पांत आणि मोबाइलवर घालवू नये. बोलावणे केव्हा येईल याचा नेम नसताना तेथे पोहोचताच झोपणे हाच शहाणपणा.

## उन्हाळ्याचे तीन महिने

मार्च संपला की आपल्याकडे हे वेळापत्रक कोलमडते. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, भिंती आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, आणि शरीराचे तापमान उतरत नसल्याने बारापर्यंत झोप लागत नाही. येथे हट्ट न धरता तडजोड करावी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर पाणी मारा, शेवटची अंघोळ झोपेच्या अर्धा तास आधी करा आणि रात्रीची झोप सहा तासांवर आली तरी चालेल असे धरून दुपारी एक ते अडीच अशी दीड तासाची झोप ठरवून घ्या. रोज त्याच वेळी घेतलेली ही झोप रात्रीला तितकी बाधत नाही. कधी बाराला, कधी चारला घेतलेली बाधते.

गच्चीवर झोपणाऱ्यांना साडेपाचलाच उजाडते. दहा-साडेदहाला झोपणाऱ्यासाठी तो उजेड फायद्याचा. परंतु एक वाजता झोपून आठला उठण्याची सवय असलेल्याची तळवेळ सहाच्या आसपास असते, आणि त्याआधीचा उजेड त्याचे घड्याळ पुढे ढकलतो. त्याने डोळ्यांवर कापड बांधून झोपावे आणि टप्पा १ प्रमाणे वेळ अलीकडे आणेपर्यंत ते सोडू नये.

## डॉक्टरांकडे केव्हा जावे

मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे, हे घरच्यांनी पाहिले असेल तर घड्याळाच्या मागे लागण्याआधी तपासणी करून घ्या. श्वासाचा अडथळा असताना वेळ पाळूनही झोप ताजेतवाने करत नाही. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न येणे तीन महिने चालले असेल, दिवसा बोलता बोलता डोळा लागत असेल, किंवा झोप कमी होऊनही उत्साह अकारण वाढलेला असेल, तरी थांबू नका. ज्यांना उजेड अजिबात जाणवत नाही अशा दृष्टिहीन व्यक्तींपैकी अनेकांचे घड्याळ दररोज थोडे थोडे सरकत जाते. त्यांच्यासाठी वर सांगितलेला उजेडाचा उपाय लागू होत नाही आणि उपचार डॉक्टरांनीच ठरवावे लागतात.

मेलाटोनिनच्या गोळ्या दुकानातून आणून झोपताना घेण्याची पद्धत वाढली आहे. घड्याळ सरकवण्यासाठी गोळीचा उपयोग मात्रेपेक्षा वेळेवर अधिक अवलंबून असतो आणि चुकीच्या वेळी घेतली तर घड्याळ उलट दिशेला जाऊ शकते. रक्तदाब, साखर, दमा, फिट यांची औषधे रात्रपाळीच्या आठवड्यात केव्हा घ्यायची हे प्रत्येक औषधागणिक वेगळे असते. पुढच्या भेटीत गोळ्यांची पाकिटे आणि महिन्याचे पाळीपत्रक दोन्ही बरोबर न्या, आणि प्रत्येक गोळीसमोर दिवसपाळीची वेळ एक आणि रात्रपाळीची वेळ एक अशा दोन वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या.